पार्श्वभूमीला फोटो लावताना रंगही द्या

वेबपानाच्या पार्श्वभूमीला गडद फोटो आणि त्यावर पांढरी अक्षरं असतील, तर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) फोटोशी जुळणारा बॅकग्राउंड-कलर, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, द्याच. नाहीतर फोटो लोड होईपर्यंत पांढऱ्यावर पांढरं, वाचणार काय? हा रंग ‘बॅकग्राउंड’च्या एकत्रित ओळीतच (जिथे फोटो, रंग सगळं एकदम देतात) लिहा किंवा तिच्यानंतर, आधी लिहिलात तर ती ओळ तो पुसून टाकते. इथे बरेच जण अडकतात.

फोटोला जेपेग किंवा वेबपी प्रकारची फाइल घ्या, पीएनजीत तोच फोटो फार जड होतो. सपाट नक्षी आणि रेषांना एसव्हीजी (रेषा-आकारांची फाइल) उत्तम. नुसती रंगछटा हवी असेल तर चित्रच नको, सीएसएसचा लिनिअर-ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात सरकणारी छटा) पुरतो.

गोल कोपरे हवे असतील तर बॉर्डर-इमेज (किनारीला चित्र लावणं) टाळा. कोपरे गोल करणाऱ्या बॉर्डर-रेडियसने त्या चित्राची किनार गोल होत नाही.