जकार्ताचा जुना कोट: बंदराकडून आत शिरा

बडोद्याची बरीच मंडळी इंडोनेशियाला जातात ती बालीसाठी, आणि जकार्ता त्यांना फक्त विमान बदलताना दिसते. हाताशी एक मोकळा दिवस असेल तर तो 'कोता तुआ'ला द्या. कोता म्हणजे शहर, शब्द आपल्या 'कोट'च्याच घराण्यातला. तुआ म्हणजे जुने. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये जयकर्ता घेतले आणि त्या जागी बाताविया वसवले. त्या तटबंद गावाचा हा भाग.

बहुतेक जण अकरा वाजता फाताहिल्ला चौकात पोचतात, भाड्याच्या रंगीत सायकलवर मोठी टोपी घालून फोटो काढतात आणि घामाघूम होऊन बाराला परत फिरतात. मांडवी दरवाजाचा फोटो काढून 'बडोदे पाहिले' म्हणावे, तसे ते होते. हे गाव व्यापारासाठी वसले. म्हणून माल ज्या वाटेने आत आला त्या वाटेने चाला: आधी बंदर, मग कोठारे, नदीकाठ, चौक आणि शेवटी पेकोजन ही व्यापाऱ्यांची वस्ती. याचा दुसरा फायदा उन्हाचा. बंदरावर सावली नाही, ते सकाळी सात-आठला उरकते. भर दुपारी तुम्ही जाड भिंतींच्या आत असता. पेकोजन धरून एकूण चाल चार-पाच किलोमीटरची आहे.

वार मंगळवार ते गुरुवार निवडा. सोमवारी सरकारी संग्रहालये बंद असतात, शनिवार-रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि शुक्रवारी दुपारी मशिदी नमाजात असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस आणि पूर दोन्ही. जून ते सप्टेंबर कोरडे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. पहिल्या दिवशी ते लावायचे राहिले तर सगळी फेरी दुपारवर जाते.

पोचायला लोकल बरी. जकार्ता कोता हे बोगोर मार्गाचे शेवटचे स्टेशन, त्यामुळे उतरायचे चुकत नाही. भाडे पहिल्या २५ किलोमीटरला ३,००० रुपिया. १,००० रुपिया म्हणजे साधारण पाच-साडेपाच भारतीय रुपये. पैसे भरून वापरायचे कार्ड मात्र माणशी एक लागते, एका कार्डावर दोघे आत जाऊ शकत नाहीत. शिल्लक कमी असेल तर फाटक उघडत नाही, आणि मागे सकाळची गर्दी खोळंबते. सगळ्यांची कार्डे आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा असतो. आई, काकू, मावशी बरोबर असतील तर त्यांना तिथेच चढवा.

स्टेशनबाहेरून मोबाइल ॲपवर गाडी मागवून सुंदा केलापा बंदर गाठा, अंतर दोनेक किलोमीटर. धक्क्याला पिनिसी जातीची लाकडी गलबते ओळीने लागलेली दिसतील, नाक उंच आणि पुढे झुकलेले. दक्षिण सुलावेसीतली ही जहाजबांधणी २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. गलबत आणि धक्का यांच्यामध्ये एकच अरुंद फळी टाकलेली असते आणि हमाल खांद्यावर ओझे घेऊन तिच्यावरून ये-जा करतात. हमाल त्या फळीच्या लयीवर पाऊल टाकतो, दुसरे पाऊल पडले की लय बिघडते. तेव्हा माल चढत असताना फळीवर जाऊ नका, आणि एरवीही खलाशांना विचारूनच जा.

बंदरातून निघालात की शाहबांदरचा मनोरा येतो, १८३९ चा. शब्द फारसी, त्यातले 'बंदर' आपल्याला सांगावे लागत नाही. शाहबंदर म्हणजे बंदराचा मुख्य अधिकारी, जहाजे आणि जकात त्याच्या हाती. बडोद्यात जे काम जकातीच्या मांडवीचे, ते इथे या अधिकाऱ्याचे. मनोरा उघड्या डोळ्यांना कललेला दिसतो. उत्तर जकार्तात पिढ्यान्‌पिढ्या जमिनीतले पाणी उपसल्याने जमीन खचते आहे, काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली गेला आहे. भरतीचे पाणी रस्त्यावर येते, त्याला तिथे 'रोब' म्हणतात. या टप्प्यात कापडी बूट नकोत, धुता येणारी पट्ट्यांची चप्पल घाला.

शेजारीच बहारी संग्रहालय, म्हणजे कंपनीची कोठारे. पहिले बांधकाम १६५२ चे. जायफळ, मिरी, कॉफी आणि कापड इथे साठवत. बडोद्याच्या माणसाने इथे जरा रेंगाळावे. कंपनीची वखार सुरतेत १६१६ मध्ये निघाली ती मुख्यतः कापडासाठी, कारण मसाल्याच्या बेटांवर लोक लवंग-जायफळाच्या बदल्यात गुजरातचे कापड मागत. पाटणच्या पटोळ्याला तर तिथे राजघराण्यात मान होता. आतली जहाजांची मॉडेले भरभर पाहिलीत तरी चालेल, पण सागवानी तुळया आणि खिडक्यांची जाड लाकडी दारे निरखून पाहा. जानेवारी २०१८ च्या आगीत काही भाग जळला होता, म्हणून जुने आणि नवे लाकूड शेजारी शेजारी दिसते. जुन्या तटाचा उरलेला तुकडाही याच परिसरात आहे.

दक्षिणेकडे दहा मिनिटांवर कोता इंतान पूल. मूळ १६२८ चा. खालून जहाज जावे म्हणून वर उचलता येणारा. पुढे काली बसार, म्हणजे 'मोठी नदी'. हिच्या काठी श्रीमंतांची घरे होती, त्यांपैकी १७३० चे लाल विटांचे तोको मेराह बाहेरूनच पाहा. डचांनी मायदेशासारखे कालवे खणले, पण उष्ण हवेत ते साचले, गाळ भरला, डास झाले आणि हिवतापाने माणसे पटापट मेली. अखेर १८०८ नंतर गव्हर्नर डँडेल्सने तट आणि किल्ला पाडून कारभार दक्षिणेला हलवला. गाव ओस पडले म्हणूनच त्याचा जुना आराखडा टिकला.

साडेदहापर्यंत चौकात या. समोर १७१० चे नगरभवन, आता इतिहास संग्रहालय. परदेशी पाहुण्यांचा तिकीटदर वेगळा आहे. रोख आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. खालच्या कोठड्यांत वाकून शिरावे लागते, जमिनीवर कैद्यांच्या बेड्यांचे लोखंडी गोळे पडलेले असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच डोकावावे. जावा युद्धाचा नायक राजपुत्र दिपोनगोरो याला १८३० मध्ये हद्दपारीपूर्वी याच इमारतीत ठेवले होते.

वेळ एकाच संग्रहालयापुरता असेल तर आम्ही वायांग संग्रहालय सांगू. वायांग म्हणजे रामायण-महाभारताच्या कथा सांगणारा बाहुल्यांचा खेळ. म्हशीच्या कातड्याच्या कोरीव बाहुल्या, पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला लगेच आपल्या वाटतील. मात्र पाट्या आपल्या महाभारताच्या हिशेबाने वाचू नका. जावाच्या कथेत द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी, तर श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी तिथे धनुर्धर स्त्री आणि अर्जुनाची बायको. जाड अंगाचा समार आपल्याकडे नाहीच. तो सेवक आणि विदूषक, पण मुळात देव.

शाकाहारींचे गणित इथे बिघडते. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्या, टोफू आणि शेंगदाण्याची चटणी, ऐकायला निर्धोक. पण गाडीवाली दगडी पाट्यावर शेंगदाणे, मिरची, लसूण आणि ताडगूळ वाटते तेव्हाच त्यात तरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, घालते. एकदा वाटले की काढता येत नाही. म्हणून ती बत्ता हातात घेण्याआधी सांगा: 'तान्पा तरासी, तान्पा उदांग, तान्पा तलुर', म्हणजे तरासी नको, कोळंबी नको, अंडे नको. वर ठेवतात ते कुरकुरीत क्रुपुकही बहुतेक कोळंबीचेच. अंडे चालत असेल तर केराक तलोर, म्हणजे निखाऱ्यावरचा तांदूळ-अंड्याचा पोळा, घ्या, पण 'तान्पा एबी' म्हणा. एबी म्हणजे सुकी कोळंबी. 'बिर प्लेतोक' नावाला घाबरू नका, त्यात दारू नसते. आले आणि मसाल्याचा तो लाल काढा आहे. पाटीवर नुसते '२५' लिहिले असेल तर ते २५,००० समजा.

जेवणानंतर स्टेशनकडच्या बँक इंडोनेशिया संग्रहालयात शिरा. वातानुकूलित आहे, आणि मसाल्याचा व्यापार ते चलन ही गोष्ट तिथे नीट मांडली आहे. पण ते दुपारीच बंद होते, तेव्हा दीडपर्यंत आत असा.

उन्हे कलली की पश्चिमेला पेकोजन. नाव 'खोजा'वरून; हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची ही वस्ती, पुढे येमेनमधल्या हद्रमौतचे अरब आले. १६४८ ची अल-अन्सोर मशीद गल्लीत लपलेली आहे. लांगार तिंगी १८२९ ची, खाली दुकाने आणि वर प्रार्थना. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नमाजाची वेळ टाळा, फोटोआधी विचारा. दुसरा पर्याय स्टेशनच्या दक्षिणेला ग्लोदोक. १७४० च्या कत्तलीनंतर चिन्यांना तटाबाहेर जिथे वसवले ती ही पेठ. दोन्ही एका दिवसात ओढू नका. गुजरातचा धागा धरून आलेल्यांनी पेकोजनच घ्यावे.

परतताना चार ते सात रस्ते तुंबतात, ॲपवरची गाडी तासभर जागची हलत नाही. १९२९ मध्ये सुरू झालेल्या कोता स्टेशनवरच या. गाड्या इथूनच सुटतात, त्यामुळे भरलेली गाडी सोडून पुढचीला थांबलात तर बसायला जागा मिळते.