मूलपेशींपासून घडवलेले भ्रूण-प्रारूप कसे पारखावे

खारघरपासून ठाण्यापर्यंतच्या महाविद्यालयांत जीवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांनी ब्लास्टॉइडची, म्हणजे मूलपेशींपासून घडवलेल्या सुरुवातीच्या भ्रूणासारख्या प्रारूपाची, माहिती अभ्यासताना आधी मानवी भ्रूणाचा काळ ध्यानात घ्यावा: त्याची स्वतःची जनुके प्रामुख्याने चार ते आठ पेशींच्या अवस्थेत, फलनानंतर सुमारे तिसऱ्या दिवशी, कार्यान्वित होतात, तर उंदरात हे दोन पेशींच्या अवस्थेतच घडते, म्हणून उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. मग एकेका पेशीतील आरएनए मोजून एपिब्लास्टमध्ये (ज्यापासून शरीर घडते तो थर) नॅनॉग, हायपोब्लास्टमध्ये (ज्यापासून पीतक पिशवी घडते तो थर) गाटा४ आणि ट्रोफेक्टोडर्ममध्ये (ज्यापासून वार घडते तो बाहेरचा थर) गाटा३ ही त्या-त्या थराची खूण असलेली जनुके चालू आढळतात का, हे तपासावे. एकाच खुणेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण मूलपेशींपासून अ‍ॅम्नियनसारख्या (भ्रूणाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या आवरणासारख्या) पेशीही तयार होऊ शकतात आणि गाटा३ त्यांतही असते. तुलना खऱ्या भ्रूणाच्या त्याच दिवसाच्या नोंदींशी करावी.