घरी बांधलेल्या विमानाचा वेगमापक: निवड, बसवणी आणि तपासणी

वेगमापक खरे तर वेग मोजत नाही. पुढे तोंड असलेल्या पिटो नळीत समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब आणि विमानाभोवतीच्या हवेचा स्थिर दाब यांतला फरक तो मोजतो. समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेत हा फरक 100 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुमारे 1,620 पास्कल, म्हणजे पाण्याच्या 165 मिलिमीटर उंचीइतका असतो. 50 नॉटला मात्र तो चौथाईवर, 41 मिलिमीटरवर येतो. म्हणूनच स्थिर दाब अवघ्या 50 पास्कलने कमी मिळाला, तर 40 नॉटने उडणाऱ्या विमानाचा काटा जवळजवळ 44 नॉट दाखवतो. उतरताना, स्टॉलच्या (वेग फार कमी होऊन पंखांची उचल ढासळण्याच्या) उंबरठ्यावर, नेमकी हीच चूक महागात पडते.

तबकडी निवडताना कमाल वेगापेक्षा स्टॉलचा वेग आधी पाहावा. ज्या विमानाचा स्टॉल 35 नॉटला होतो, त्यात 40 पासून सुरू होणारी तबकडी शोभेपुरतीच राहते. इलेक्ट्रॉनिक पडदा घेतला तरी दाबाच्या दोन्ही नळ्या लागतातच, त्यामुळे पुढचे सारे त्यालाही लागू आहे.

पिटो नळीचे काम तुलनेने सोपे आहे. इंजिन पुढे असेल तर ती प्रोपेलरच्या झोताबाहेर, पंखाखाली, पंखाच्या पृष्ठभागापासून पुरेशी दूर आणि शक्यतो तोंड पुढे काढून बसवावी. प्रोपेलर मागे असलेल्या विमानात नाकाची जागा उत्तम. साधी नळी साधारण दहा-बारा अंशांचा तिरकेपणा सहन करते आणि तोंड आतून तासून धारदार केल्यास त्याहूनही अधिक, त्यामुळे ती अगदी काटेकोर सरळ बसवण्यात दिवस घालवू नयेत. पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र हवे. ढगांत किंवा बर्फ साचेल अशा हवेत उडायचे असेल, तर तापणारी नळी आणि तिला पुरेल इतकी वीज यांची तरतूद पंखाचे आवरण बंद करण्यापूर्वीच करावी.

खरी मेहनत स्थिर दाबासाठी राखून ठेवावी, कारण बहुतेक चुका तिथेच उद्भवतात. स्थिर दाबाची नळी कॉकपिटमध्येच उघडी सोडण्याचा मोह टाळावा, कारण उड्डाणात कॉकपिटमधला दाब सहसा बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि मग वेग व उंची दोन्ही जास्त दिसतात. धडाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छिद्रे घेऊन ती आत टी-जोडाने जोडली, तर विमान बाजूला घसरताना येणारी चूक बरीचशी भरून निघते. आराखडाकाराने जागा दिली असेल तर ती इंचानेही हलवू नये आणि छिद्राचा आकारही बदलू नये: त्याने उंचवट्याच्या रिव्हेटचे डोके सांगितले असेल, तर त्याऐवजी सपाट, सुबक पोर्ट (स्थिर दाब घेणारे छिद्र) बसवल्याने वाचन बिघडते. (दिसायला नीटनेटके ते अचूक, हा समज इथे चालत नाही.) जागा दिलेलीच नसेल, तर पंखाखालच्या दांड्यावर पिटो आणि स्थिर दाबाची एकत्र नळी घ्यावी, तिची बाजूची छिद्रे टोकापासून आणि आधाराच्या दांड्यापासून नळीच्या व्यासाच्या कित्येक पट दूर असावीत.

नळ्यांना उतार द्यावा, सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याची सोय ठेवावी आणि पिटोच्या व स्थिर दाबाच्या नळ्या वेगवेगळ्या रंगांच्या घ्याव्यात, म्हणजे दुरुस्तीनंतर अदलाबदल होत नाही.

गळती तपासताना तोंडाने फुंकू नये. पारदर्शक नळीचा पाणी भरलेला यू-आकार पिटोला जोडून हळूहळू दाब द्यावा. दोन पातळ्यांत 165 मिलिमीटर फरक पडल्यावर काटा 100 नॉटवर यावा आणि नळी चिमटून धरल्यावर तिथेच टिकावा. स्थिर दाबाच्या बाजूने हवा ओढताना पिटो त्याच नळीला टी-जोडाने जोडून घ्यावा. हवा 1,000 फूट उंचीइतकी विरळ केली आणि पिटो उघडा राहिला, तर काटा 140 नॉटच्या पुढे धावतो आणि लहान तबकडीचे यंत्र निकामी होऊ शकते. एवढ्या ओढीवर उंचीमापकात एका मिनिटात 100 फुटांहून अधिक घट न होणे, हा अमेरिकी नियमांतला निकष घरच्या विमानालाही वापरण्याजोगा आहे.

शेवटची तपासणी हवेतच होते. शांत हवेत, एकाच उंचीवर आणि काट्यावर दिसणाऱ्या एकाच वेगाने एकमेकांशी काटकोनात असलेल्या चार दिशांना उडून जीपीएसचा वेग नोंदवावा. चारही नोंदींची सरासरी वारा मंद असताना खऱ्या हवाईवेगाच्या जवळ येते. उंचीवरील दाब व तापमानानुसार तिचे समुद्रसपाटीच्या वेगात रूपांतर करून काट्याशी ताडावे. ही उड्डाणे मंद, मध्यम आणि जलद अशा तिन्ही वेगांवर करावीत. गळती नसूनही काटा सातत्याने जास्त दाखवत असेल, तर स्थिर दाब कमी मिळतो आहे. अशा वेळी पोर्टच्या लगेच मागे पातळ पट्टी चिकटवल्यास तिथला दाब वाढतो, आणि काटा कमी दाखवत असल्यास तीच पट्टी पोर्टच्या पुढे लावावी. पट्टीची जाडी थोडीथोडी बदलून प्रत्येक वेळी पुन्हा उडून पाहावे आणि उरलेली चूक तक्त्यात लिहून कॉकपिटमध्ये लावावी.