पॅनलवर हिरवा दिवा आणि दुसरा मजला मुका

आयटीआय इलेक्ट्रिशियन करून खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या पोरांपैकी मी एक. उद्यमबागेत कुठल्यातरी फाउंड्रीत मेंटेनन्सला लागेन म्हणून आलो आणि फायर अलार्मवाल्याच्या हाताखाली पडलो. आता नवी पोरं फोन करतात, "दादा, पॅनलवर पिवळा दिवा आलाय, काय करू?" फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा तो दिवा आला की काय करायचं, हे त्यांच्यासाठी लिहितोय. मल्टिमीटर धरता येतो आणि २४ व्होल्ट डीसीची भीती नाही, एवढं गृहीत धरतो.

आधी बॅटरी बघा. बहुतेक लहान पॅनलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. चार्जर चालू असताना मीटरवर २७ च्या आसपास दिसतं आणि नवखा माणूस "ओके" लिहून मोकळा होतो. मेन्स बंद करा, हूटर वाजवा आणि मग मीटर बघा. मेलेली बॅटरी लोड आला की लगेच बसते. नवी बसवली तर तिच्यावर मार्करने तारीख टाका, तीन-चार वर्षांनी तुमचाच वेळ वाचेल. बॅटरीचं एवढंच.

आता जिथं मी आपटलो ते.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. मुलींचं एक वसतिगृह, झोन ३ म्हणजे दुसरा मजला, फॉल्ट ओपन, म्हणजे तार कुठंतरी तुटलेली. बाहेरच्या दोन्ही तारा टर्मिनलमधून सोडवल्या आणि त्याच टर्मिनलवर ४.७ के चा रेझिस्टर लावला. फॉल्ट गेला. म्हणजे पॅनल ठीक आहे, गडबड बाहेरच्या वायरिंगमध्ये आहे. इथवर बरोबर. संध्याकाळ झाली होती, पाऊस लागला होता, शेवटची बस चुकेल अशी वेळ. सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "राहू दे तसंच, उद्या बघू. दिवा गेलाय न्हवं?" वॉर्डनबाईंनी हिरवा दिवा बघून रिपोर्टवर सही केली. तो उद्या आठ दिवसांनी उजाडला. गेलो, सहज म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा कॉल पॉइंट, म्हणजे आग दिसली की दाबायचं बटण, दाबला. काहीच नाही. आठ दिवस त्या मजल्यावर एकही डिटेक्टर पॅनलला जोडलेला नव्हता आणि पॅनल मात्र सगळं नॉर्मल सांगत होता. आग लागली नाही, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. पुन्हा पुन्हा सांगतोय असं वाटलं तरी वाचा. पॅनल झोनच्या तारांतून थोडासा करंट सतत सोडत असतो. लाइनच्या अगदी शेवटच्या डिटेक्टरवर ईओएल, म्हणजे एंड ऑफ लाइन रेझिस्टर असतो. त्यातून ठरलेला करंट परत आला की पॅनल समजतो, तार शेवटपर्यंत शाबूत आहे. करंट थांबला तर ओपन. डिटेक्टरला आगीची चाहूल लागली की तो जास्त करंट ओढतो, तेव्हा फायर. पॅनलला फक्त रेझिस्टर कळतो, तो कुठं बसलाय हे कळत नाही. तुम्ही तो पॅनलच्या पोटातच बसवला तर पॅनलच्या लेखी लाइन तिथंच संपली. पुढं तार आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

याचीच दुसरी जात म्हणजे टी-जॉइंट. केबल वाचवायला वायरमन फॉल्स सीलिंगमध्ये फाटा काढतो. रेझिस्टर एका टोकाला, दुसरं टोक उघडं. त्या फाट्यातली तार उंदराने खाल्ली तरी पॅनल हू की चू करत नाही. म्हणून कन्व्हेन्शनल, म्हणजे फक्त झोन सांगणाऱ्या पॅनलवर एकेक डिटेक्टर बेसमधून फिरवून काढून बघा. दर वेळी फॉल्ट यायलाच हवा. नाही आला तर खूश होऊ नका, तिथं फाटा आहे किंवा बेसची वायरिंग चुकली आहे. रेझिस्टरची किंमतही मेकप्रमाणे बदलते, खिशात सापडला तो लावू नका.

तुटकी तार शोधायला पहिल्यापासून एकेक बेस उघडत बसू नका. १४ डिटेक्टर असतील तर सातव्यावर जा, पुढची तार सोडवून तिथं रेझिस्टर लावा. फॉल्ट गेला तर तुटलंय पुढे, राहिला तर मागे. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. वसतिगृहात असंच नवव्या बेसवर पोचलो. रंगाऱ्याने बेस काढून परत लावताना एक तार बाहेरच ठेवली होती. पाऊण तासाचं काम. त्यासाठी आठ दिवस!

अर्थ फॉल्टने, म्हणजे तार कुठंतरी अर्थला लागल्याने, मात्र घाबरू नका. इकडं जून लागला की तो येणारच. एका वॉचमनने मला सांगितलं होतं, "मळी बंदाग बरतैत्री," पाऊस आला की येतो. कुठल्याही ड्रॉइंगपेक्षा ते वाक्य कामाला आलं. गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी होतं. म्हणून कन्नड शिका, निदान विचारण्यापुरती. प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ व्होल्टेज मोजा. जी बाजू शून्याकडे झुकली तीच अर्थला लागलीय. मग एकेक झोन सोडवत जा. आणि डिटेक्टर जोडलेले असताना मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट सोडून इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावायचा नाही म्हणजे नाही. ५०० व्होल्टने अख्खा झोन जाळून बसाल.

अ‍ॅड्रेसेबल पॅनल डिटेक्टरचा नंबरच सांगतो, त्यामुळे सोपं वाटतं. पण दोघांना एकच नंबर दिला गेला असेल तर तोही गोंधळतो. नवीन डिटेक्टर बसवला की आधी नंबर तपासा.

सीनियरबद्दल एकच. बझर बंद करायचं बटण पहिल्या दिवशी दाखवणाऱ्यापेक्षा ड्रॉइंग हातात देऊन "वर जाऊन बघून ये" म्हणणारा बरा. मला तो उशिरा भेटला. यूट्यूबवर तर पाच मिनिटांत फॉल्ट घालवणारे ढीगभर आहेत. ते सगळे माझ्यासारखेच रेझिस्टर पॅनलमध्ये लावतात.

माझा टेस्टिंगचा रेझिस्टर आता सुटा नसतो. हातभर लाल वायरला सोल्डर केलाय आणि शेवटाला लाकडाचा ठोकळा बांधलाय. तो लावलेला असेल तोवर पॅनलचं दारच बंद होत नाही.