ब्रिटनमधील खेळ आणि स्थलांतर यांचा इतिहास पुण्यातून कसा अभ्यासावा

वसाहतोत्तर ब्रिटनची ओळख खेळातून अभ्यासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘ओळख’ या शब्दापासून सुरुवात करू नये. एक सामना निवडावा आणि त्या दिवशी कोणता नागरिकत्व कायदा लागू होता, हे आधी पाहावे.

जून 1950 मध्ये वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला 326 धावांनी हरवून त्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कॅरिबियन प्रेक्षक गात मैदानात उतरले. हा परक्यांचा जल्लोष वाटतो खरा. परंतु 1948 च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार जमैकाहून आलेला प्रेक्षक आणि त्याच्या शेजारी बसलेला लंडनकर हे दोघेही ‘युनायटेड किंगडम आणि वसाहती’ यांचे नागरिक होते. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध आले ते 1962 च्या कायद्याने. पुढे 1990 मध्ये हुजूर पक्षाचे खासदार नॉर्मन टेबिट यांनी आशियाई वंशाचे लोक कोणत्या संघाला पाठिंबा देतात, यावरून त्यांची निष्ठा जोखणारी ‘क्रिकेट चाचणी’ मांडली. माझ्या मते, संशोधकाने या चाचणीचे उत्तर शोधण्यापेक्षा ती विचारण्याची गरज केव्हा आणि कोणाला भासू लागली, हे शोधावे.

ब्रिटिश संसदेतील चर्चा इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. संदर्भग्रंथांसाठी विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे. मात्र पुणेकराने 1911 चा भारतीय संघाचा इंग्लंड दौरा वगळू नये. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबचे मैदान राखत त्यांना सरावासाठी गोलंदाजी करणाऱ्या, दलित समाजातील पाळवणकर बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्याविषयी मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी काय छापले, ते शेजारी ठेवून वाचावे. जातीचा उल्लेख कोठे येतो आणि कोठे गळतो, याची वेगळी नोंद करावी.

मुलाखतींसाठी फार फिरावे लागत नाही, कारण इंग्लंडमध्ये नातेवाईक असलेली घरे पुण्यात पुष्कळ आहेत. ध्वनिमुद्रणाची संमती आधी घ्यावी. ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा, कारण तो ऐकताच माणूस सावध होतो. रविवारी कोठे खेळत होता, मैदान कसे मिळाले, बॅट कोणाची होती, असे विचारत गेल्यास तो मोकळा होतो. सांगितलेला सामना धावफलकात त्या वर्षी सापडला नाही, तर टिपण रद्द करू नये. पुन्हा जाऊन, त्या वर्षी घरात कोण येऊन पोहोचले आणि कोणाचे येणे राहून गेले, एवढे विचारून यावे.