मॉन्स्टेराची घरातील निगा

मॉन्स्टेरा डेलिशिओसा ही दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत झाडांच्या खोडांना धरून वर चढणारी वेल आहे. आपण मात्र तिला कुंडीतले झुडूप समजतो, आणि तिच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

रोपाला चार-पाच पाने आली की कुंडीत काथ्या गुंडाळलेली जाड काठी घट्ट रोवावी. खोडाच्या ज्या बाजूने हवाई मुळे फुटलेली असतील ती बाजू काठीकडे वळवून खोड सुती दोरीने सैलसर बांधावे. पानांचे देठ बांधू नयेत, कारण त्यांना उजेडाकडे वळायला मोकळीक लागते. काथ्या ओलसर राहिला तर मुळे त्यात शिरतात आणि पुढची पाने हळूहळू मोठी होऊ लागतात. ही मुळे कुरूप दिसतात म्हणून कापणे मला मुळीच पटत नाही. कोवळ्या रोपाच्या पानांना छिद्रे नसणे स्वाभाविक आहे. वय वाढले आणि भरपूर उजेड मिळाला की ती येतात. पूर्वेची खिडकी उत्तम, दुपारचे थेट ऊन मात्र पाने करपवते.

ही वेल अळूच्याच कुळातली असली, तरी अळूसारखी पाणथळ जागा तिला सोसत नाही. माझे पहिले रोप पावसाळ्यात गेले, कारण हवा दमट असतानाही मी उन्हाळ्याइतकेच पाणी घालत राहिलो. कुंडी उपडी केली तेव्हा मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरताच साल निसटून आतला बारीक दोरा तेवढा हाती राहत होता. म्हणून मातीत कोकोपीट (काथ्याचा भुसा), नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि गांडूळखत मिसळावे, बोट दोन पेरे आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. सकाळी पानांच्या टोकांशी दिसणारे थेंब हा रोग नव्हे. मात्र ते रोज दिसू लागले तर पाणी कमी करावे.

नवे रोप करायचे असेल तर छाटणीत खोडाचे एक पेर, म्हणजे पान जिथून फुटते तो सांधा, आणि शक्यतो एक हवाई मूळ यायलाच हवे, कारण नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहते, पण त्याला नवा कोंब कधीच फुटत नाही. अळूप्रमाणेच याचा चीकही खाजरा असल्याने कापताना हातमोजे घालावेत आणि लहान मुले व मांजरे यांना पानांपासून दूर ठेवावे.