लोरिसच्या मागावर रात्रपाळी

लोरिस म्हणजे रात्री वावरणारा, मोठ्या डोळ्यांचा, माकडांचा छोटा दूरचा नातलग. तमिळनाडूतल्या दिंडिगलजवळच्या झुडपी रानात पहिल्या तीन रात्री मला एकही लोरिस दिसला नाही. चौथ्या रात्री वाट दाखवणाऱ्या अण्णांनी माझ्या कमरेशी असलेली बॅटरी उचलून कपाळाला टेकवली, आणि समोरच्या बाभळीत दोन नारिंगी ठिपके पेटले. लोरिसच्या डोळ्यातला चकाकता थर उजेड जिथून येतो तिथेच परत धाडतो. बॅटरी कमरेशी धरली तर चमकही कमरेलाच दिसणार!

त्यामुळे हेडलॅम्पच घ्या आणि काचेवर लाल जिलेटीन कागद लावा. पांढऱ्या झोताने ते बुजतात. चालायचं तासाला किलोमीटरभर, जास्त नाही. गवतात लुकलुकतात ते बहुतेक कोळी. जमिनीलगत एकच डोळा चमकला तर रातवा हा रात्री फिरणारा पक्षी असू शकतो. लोरिसचे दोन्ही डोळे समोर, अगदी जवळजवळ.

लोरिसला संथ म्हणतात, त्या शब्दावर मात्र विसंबू नका. पाव किलोच्या आसपासचा हा जीव फांदीवरून असा सरकतो की पान हलत नाही, पण किडा दिसला की दोन्ही हातांनी झडप घालतो. त्याला उडी मारता येत नाही, शेपटीही नाही. फांद्यांची साखळी तुटली की त्याला जमिनीवर उतरावंच लागतं, आणि तिथे कुत्री असतात, रस्ता असतो. म्हणून किती लोरिस दिसले याच्याइतकीच फांद्या कुठे तुटतात ही नोंदही महत्त्वाची. माझ्या पहिल्या वहीत ती नव्हतीच. सगळी फेरी पुन्हा करावी लागली.

एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते अनाथच असतं असं नाही. आई त्याला फांदीवर ठेवून चरायला जाते. मी हात पुढे केलाच होता, अण्णांनी मनगट धरलं.

लोरिस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे अभ्यासासाठी वनखात्याची परवानगी आधी काढा. फोटोसोबत ठिकाण टाकू नका. जादूटोण्यासाठी आणि औषधासाठी अजूनही त्यांना पकडतात. करूर-दिंडिगलमध्ये 2022 साली कडवूर अभयारण्य झालं, देशातलं लोरिससाठीचं पहिलं, सुमारे 11,806 हेक्टर. तिथवर जाणं जमत नसेल तर बंगळुरूतही लोरिस आहेत. कन्नडमध्ये त्याला काडुपापा म्हणतात, रानातलं बाळ. तमिळमध्ये देवांगु.

जाण्याआधी 'मेले' म्हणजे वर आणि 'कीळे' म्हणजे खाली, एवढं तमिळ तरी शिका. अण्णा कुजबुजले 'मेले', मी झुडपाच्या बुडाशी शोधत बसलो, आणि लोरिस डोक्यावरून निघून गेला.